मुक्कामी ड्युटी : विमानातल्या नोकरीचे पहिले रोस्टर ते पहिल्या गौरी

माझे वडील एसटीत कंडक्टर होते. कोल्हापूर विभागात त्यांनी अठ्ठावीस वर्षे काढली आणि त्यांतली बरीच वर्षे मुक्कामी गाड्यांवर गेली. संध्याकाळी सुटायचे, रात्री शेवटच्या गावात गाडी लावायची, तिथेच झोपायचे आणि पहाटे तीच गाडी घेऊन परत यायचे. त्यामुळे आमच्या घरात ‘आज मुक्काम कुठे?’ हा प्रश्न मी लहानपणापासून ऐकत आले. तोच प्रश्न पुढे मला विचारला जाईल, आणि त्याचे उत्तर देण्यासाठी मला आधी एक रोस्टर, म्हणजे महिन्याच्या ड्युट्यांचा तक्ता, वाचायला शिकावे लागेल, अशी तेव्हा कल्पना नव्हती. केबिन क्रू, म्हणजे विमानात प्रवाशांची काळजी घेणारे कर्मचारी, म्हणून निवड झालेल्या किंवा होऊ पाहणाऱ्या मुलामुलींना मुलाखतीबद्दल सांगणारे पुष्कळ भेटतात. निवडीनंतरच्या वर्षाबद्दल फारसे कोणी सांगत नाही. म्हणून हे लिहीत आहे.

माझी निवड जून २०२४ मध्ये पुण्यातल्या मुलाखतीत झाली. हा माझा तिसरा प्रयत्न होता. त्यानंतरचे अडीच महिने कागदपत्रांत गेले. विमानतळाच्या आतल्या भागात जाण्यासाठी लागणारे प्रवेशपत्र पार्श्वभूमीची तपासणी झाल्याशिवाय मिळत नाही आणि त्यासाठी पोलीस पडताळणी लागते. माझ्या बारावीच्या गुणपत्रिकेवर वडिलांच्या नावाचे इंग्रजी स्पेलिंग एक आणि आधार कार्डावर दुसरे होते. एवढ्याशा कारणावरून एका कार्यालयाने अर्ज दोनदा परत केला. प्रतिज्ञापत्र, त्याच्या चार प्रती, राहत्या पत्त्याचा पुरावा आणि तीन फेऱ्या मिळून तेवीस दिवस लागले. तुम्हाला या वाटेने जायचे असेल, तर मुलाखतीच्या आधीच दहावी, बारावी, आधार, पॅन आणि पासपोर्ट समोर ठेवून सगळीकडचे स्पेलिंग अक्षरन् अक्षर जुळते का ते पाहा. निवड झाल्यावर हे करायला वेळ असतो, पण मनःस्थिती नसते.

सप्टेंबर ते नोव्हेंबर २०२४ हैदराबादला प्रशिक्षण झाले. त्यावर वेगळे लिहिता येईल. इथे एवढेच सांगते, की चहा-पाणी देण्याचे शिकवणे त्यात सर्वांत कमी होते. आग विझवणे, विमान रिकामे करणे, तरणतलावात तराफ्यावर चढणे, प्रथमोपचार यांतच बहुतेक दिवस गेले. विमानात क्रू किती असावा हे सेवेवरून नव्हे, तर आसनांच्या संख्येवरून ठरते. आपल्याकडे पन्नास आसनांमागे एक असे किमान प्रमाण आहे, म्हणून एटीआर या सत्तर-पंचाहत्तर आसनांच्या लहान विमानावर आम्ही दोघी आणि एकशे ऐंशी आसनांच्या एअरबसवर चौघे असतात. दोघींपैकी एक नसेल तर विमान प्रवासी घेऊन उडू शकत नाही. रोस्टर एवढ्या काटेकोरपणे का पाळले जाते, याचे मूळ या साध्या नियमात आहे.

मला एटीआर आणि हैदराबाद बेस मिळाला. बेस म्हणजे ज्या शहरातून तुमची ड्युटी सुरू होते आणि जिथे येऊन संपते ते शहर. राहण्याचा खर्च आपला आणि बेसबाहेर रात्र पडली तर हॉटेलचा खर्च कंपनीचा. हैदराबादच्या विमानतळाजवळ शमशाबादला तिघींनी मिळून घर भाड्याने घेतले. माझ्या वाट्याला महिना आठ हजार रुपये भाडे आणि दोन महिन्यांची अनामत रक्कम आली. एक मैत्रीण नागपूरची होती. मी फोनवर आईशी बोलताना ‘मी जातो’, ‘मी जेवलो’ असे म्हणते, याचे तिला पहिले आठ दिवस हसू आवरेना. कोल्हापूरच्या बायका असेच बोलतात, हे तिला पटवून देण्याचा प्रयत्न मी सोडून दिला.

डिसेंबरमध्ये निरीक्षणाच्या फेऱ्या झाल्या आणि २५ डिसेंबरच्या संध्याकाळी जानेवारी २०२५ चे माझे पहिले स्वतंत्र रोस्टर ॲपवर आले. एकतीस चौकोन, प्रत्येकात आकडे आणि आद्याक्षरे. काही चौकोनांत चार उड्डाणे, काहींत ‘स्टँडबाय’, म्हणजे बोलावले तरच जायचे असा राखीव दिवस, काहींत सुट्टी आणि दोन ठिकाणी बेसबाहेर रात्र, म्हणजे लेओव्हर. मी त्याचा फोटो घरी पाठवला. आप्पांनी, म्हणजे वडिलांनी, तो मोठा करून पाहिला आणि भिंतीवरच्या कालनिर्णयात दुधाच्या हिशेबाखाली, प्रत्येक तारखेच्या चौकोनात, बारीक अक्षरात उतरवून घेतला. त्यांना ते विचित्र वाटले नाही. ‘‘हे आमच्या अलोकेशनसारखंच आहे की,’’ एसटीतल्या ड्युटीवाटपाची आठवण काढून एवढेच ते म्हणाले.

मला मात्र ते अन्यायाचे वाटत होते. एका सुट्टीच्या आधी रात्री अकराला ड्युटी संपणार, सुट्टी संपल्यावर पहाटे पुन्हा सुरू होणार, मग ती सुट्टी कसली? त्यातच पहिली चूक केली, ती सविस्तर सांगते, कारण ती अनेकांकडून होते. १४ जानेवारीच्या चौकोनात हजर होण्याची वेळ २३:५० अशी होती आणि तिच्यापुढे इंग्रजी ‘झेड’ हे अक्षर होते. त्या अक्षराचा अर्थ जागतिक प्रमाणवेळ. भारतीय वेळ तिच्यापुढे साडेपाच तास, म्हणजे मला १५ तारखेच्या पहाटे ५:२० ला हजर व्हायचे होते. प्रशिक्षणात हे शिकवले होते, परीक्षेतही आले होते आणि मी ते बरोबर लिहिले होते. पण निरीक्षणाच्या फेऱ्यांत प्रशिक्षिका आम्हाला भारतीय वेळेचा निरोप फोनवर पाठवत असत, त्यामुळे ॲपवरची वेळ डोळ्यांनी वाचायची सवयच लागली नव्हती. संक्रांतीची रात्र, मी साडी नेसून, केस बांधून साडेदहापासून कंपनीच्या गाडीची वाट पाहत उभी. अकरापर्यंत गाडी आली नाही, तेव्हा घाबरून खासगी टॅक्सी केली, ३८० रुपये दिले आणि ११:३५ ला विमानतळावर पोहोचले. तिथल्या ड्युटी ऑफिसरने पडद्याकडे पाहिले, माझ्याकडे पाहिले आणि अगदी शांतपणे विचारले, की तुम्ही पहाटेच्या ड्युटीसाठी आत्ताच का आलात?

परतले तेव्हा साडेबारा वाजून गेले होते आणि पहाटे ४:२० ला गाडी येणार होती. झोप लागली नाही. अडीच वाजता मी क्रूच्या ड्युट्या सांभाळणाऱ्या विभागाला, म्हणजे क्रू कंट्रोलला, फोन करून खरे ते सांगितले, की माझी झोप झालेली नाही आणि मला उड्डाणासाठी तंदुरुस्त वाटत नाही. समोरून आवाज चढला नाही. माझ्या जागी स्टँडबायवरच्या मुलीला उठवले गेले, माझे त्या दिवसाचे उड्डाण गेले, त्यासोबत उड्डाणभत्ताही गेला आणि लेखी अहवाल द्यावा लागला. लाज वाटली, तीही त्या उठवलेल्या मुलीची जास्त. त्या दिवशी सकाळी ॲपची मांडणी बदलून दोन्ही वेळा शेजारी शेजारी दिसतील अशी केली. पहिल्याच दिवशी करायचे काम हेच आहे.

त्या अहवालाच्या निमित्ताने रोस्टर विभागातल्या एका अधिकाऱ्यांशी बोलण्याची संधी मिळाली. रोस्टर कोणीतरी मनाला येईल तसे भरते, हा माझा समज त्यांनी दूर केला. आधी वेळापत्रक ठरते, मग कोणते विमान कोणत्या क्रमाने कुठे फिरणार ते ठरते, आणि त्यानंतर माणसांचा विचार सुरू होतो. तोही थेट नावांनी नाही. प्रथम उड्डाणांच्या साखळ्या तयार होतात. प्रत्येक साखळी बेसवरून निघून बेसवरच संपली पाहिजे, मग ती एका दिवसाची असो किंवा चार दिवसांची. अशा साखळीला पेअरिंग म्हणतात. मोजक्या उड्डाणांतूनही शक्य साखळ्यांची संख्या लाखांत जाते. त्यांतून प्रत्येक उड्डाण कुठल्या ना कुठल्या साखळीत येईल, नियम मोडणार नाहीत आणि हॉटेल, गाड्या, रिकामे तास यांचा खर्च कमीत कमी होईल असा संच संगणक निवडतो. नावे सर्वांत शेवटी येतात, आणि तेव्हा रजा, प्रशिक्षणाच्या तारखा, आधीच्या महिन्यातले तास हे सगळे पाहिले जाते. थोडक्यात, माझी सुट्टी मोडायला कोणी बसलेले नव्हते. माझ्या नावाआधी ती साखळी तयार झालेली होती. याने सुट्टी मोठी झाली नाही, पण राग कमी झाला.

त्यांनी आणखी एक गोष्ट शिकवली, ती म्हणजे रोस्टर तारखांनी वाचायचे नाही, विश्रांतीच्या तासांनी वाचायचे. उड्डाणाचा काळ वेगळा आणि ड्युटीचा काळ वेगळा. विमान जागेवरून हलते तिथपासून पुन्हा जागेवर थांबून चाकांना ठोकळे लागेपर्यंतचा काळ हा उड्डाणाचा; भत्ता त्यावर मिळतो. ड्युटी मात्र हजेरीपासून सुरू होते आणि शेवटच्या विमानातून उतरल्यावरही काही वेळ चालते. एका ड्युटीत किती तास चालतील, हे ती दिवसाच्या कुठल्या वेळी सुरू झाली आणि तिच्यात किती वेळा विमान उतरणार यावर अवलंबून असते. पहाटे दोन ते सहा हा शरीराच्या सर्वांत मंद लयीचा काळ मानला जातो, त्या काळाला स्पर्श करणाऱ्या ड्युट्यांवर बंधने जास्त असतात. आणि आठवड्याची विश्रांती म्हणजे कॅलेंडरवरचा एक दिवस नव्हे, तर सलग तासांचा असा पट्टा, की ज्यात दोन पूर्ण रात्री आल्या पाहिजेत. हे कळल्यावर मी माझ्या रोस्टरवर पेन्सिलीने ड्युट्या नव्हे, तर मधल्या मोकळ्या जागा रंगवायला लागले. महिना लगेच वेगळा दिसू लागला.

फेब्रुवारीतला पहिला लेओव्हर ९ तारखेला आंध्र प्रदेशातल्या राजमुंद्रीला पडला. रात्री ९:३५ ला विमान थांबले, १०:०५ ला ड्युटी संपली आणि पुढची हजेरी दुसऱ्या दिवशी ११:१५ ला होती. कागदावर १३ तास १० मिनिटांची विश्रांती. प्रत्यक्षात गाडी साडेदहाला निघाली, हॉटेलवर सव्वाअकरा झाले, नोंदणी, आंघोळ आणि सोबत आणलेला दशम्यांचा डबा होईपर्यंत साडेबारा वाजले. सकाळी १०:२० ला पुन्हा गाडी, म्हणजे आठला उठणे आले. झोप मिळाली साडेसात तासांची. ती पुरेशी आहे, पण जेवणासाठी बाहेर भटकलात किंवा फोन घेऊन बसलात तर उरत नाही. म्हणून लेओव्हरची पिशवी मी वेगळीच भरून ठेवते. खिडकीचा पडदा बंद करायला दोन चिमटे, छोटा एक्स्टेन्शन बोर्ड, धुतलेला एक जादा गणवेश आणि खाण्याचे काहीतरी घरचे, कारण रात्री अकरानंतर लहान शहरांतली स्वयंपाकघरे बंद होतात. सकाळी खिडकीतून गोदावरी दिसली. त्र्यंबकेश्वरला ओंजळीत घेतलेले पाणी तिथे एवढे रुंद झालेले होते, की पलीकडचा काठ धूसर दिसत होता.

त्या सकाळी आणखी एक गोष्ट लक्षात आली. आम्ही रात्री ज्या विमानाने आलो, ते पहाटे ६:१० ला निघून गेले होते. मी आप्पांना फोनवर हे सांगितले.

‘‘म्हंजे गाडी सुटली आणि तू झोपलेलीच?’’ त्यांनी चकित होऊन विचारले.

‘‘आप्पा, साडेनऊला आलेल्या माणसाला सहाला परत पाठवता येत नाही. विश्रांती पुरी होत नाही.’’

‘‘मग नेली कुणी?’’

नेली आदल्या दुपारी आलेल्या दोघींनी. त्या दुपारी बाराच्या सुमारास उतरल्या, हॉटेलवर गेल्या, झोपल्या आणि पहाटेचे विमान घेऊन गेल्या. आमच्यासाठी दुपारी दुसरे विमान येणार होते. ते घेऊन येणाऱ्या दोघी तिथे उतरणार, आम्ही त्याच विमानात चढून जाणार आणि त्या दोघी पुढच्या पहाटेच्या विमानासाठी थांबणार. विमान दमत नाही, त्यामुळे ते रात्री थांबते आणि सकाळी निघते. माणसाचे घड्याळ मात्र त्याच्याशी जुळत नाही. म्हणून ज्या शहरात विमान मुक्कामाला असते, तिथल्या हॉटेलात कोणी ना कोणी क्रू बहुतेक वेळा झोपलेला असतो, आणि तो त्याच विमानाचा असेलच असे नाही. आप्पा थोडा वेळ काहीच बोलले नाहीत. मग म्हणाले, ‘‘आमची गाडी आणि आम्ही जोडीनंच मुक्कामाला असायचो. तुमच्यात गाडी एकाची आणि उठवायची दुसऱ्याला.’’ रोस्टर अधिकाऱ्यांनी पाऊण तास घेऊन समजावलेले त्यांनी दोन वाक्यांत आटोपले.

स्टँडबायबद्दल थोडक्यात सांगते. घरी बसून फोनची वाट पाहायची, बोलावले तर ठरलेल्या वेळेत पोहोचायचे आणि नाही बोलावले तर त्या दिवशी हातात फार थोडे पैसे येतात. मार्चमध्ये मला सहा स्टँडबाय होते आणि त्यांतले चार कोरडे गेले. उड्डाणभत्त्याच्या भरवशावर हप्ते ठरवू नका. मूळ पगारात भाडे आणि जेवण भागते का, एवढेच आधी पाहा.

औषधांचा मुद्दा मात्र सविस्तर सांगण्यासारखा आहे. उड्डाणाआधी बारा तास मद्य वर्ज्य असते आणि ब्रेथ ॲनालायझरची चाचणी होते. हे सगळ्यांना माहीत असते. माहीत नसते ते हे, की २०२३ पासून डीजीसीएच्या, म्हणजे नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाच्या, नियमात अल्कोहोल असलेले माउथवॉश, टूथ जेल आणि औषधेसुद्धा आली आहेत. आईने मला निघताना द्राक्षासवाची बाटली बांधून दिली होती. आसवे आणि अरिष्टे आंबवून तयार होतात, त्यामुळे त्यांच्यात अल्कोहोल असतेच, हे तिला सांगितल्यावर तिला तो आयुर्वेदाचा अपमान वाटला. होमिओपॅथीच्या थेंबांचेही तेच. खोकला झाला तर कंपनीच्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय घरगुती बाटली उघडू नका.

१ जुलै २०२५ पासून वैमानिकांसाठीच्या नव्या नियमांचा पहिला टप्पा लागू झाला आणि त्यांची साप्ताहिक विश्रांती ३६ तासांवरून ४८ तासांवर गेली. नियम त्यांचे होते, पण परिणाम आमच्याही रोस्टरवर दिसला. आधी आम्ही आणि वैमानिक बहुधा दोन-तीन दिवस एकाच साखळीत असायचो. त्यानंतर दुपारी एका कॅप्टनबरोबर निघून रात्री दुसऱ्याबरोबर उतरणे वाढले.

त्याच महिन्यात, १७ जुलैला, रोस्टरमध्ये पहिल्यांदा कोल्हापूर आले. मुक्काम नव्हे, फक्त जाऊन येणे. मध्ये पंचवीस मिनिटे. एटीआरमध्ये प्रवासी मागच्या दाराने चढतात-उतरतात, त्यामुळे दार उघडल्यावर मी थेट कोल्हापूरचा विमानतळ असलेल्या उजळाईवाडीच्या हवेत उभी होते. पाऊस नुकताच थांबला होता आणि ओल्या गवताचा वास आत आला. शेवटचा प्रवासी उतरल्यावर पंचवीसपैकी सतरा मिनिटे उरली होती. त्यांत आसनांच्या खिशांची तपासणी, पट्टे सरळ करणे, सुरक्षा तपासणी आणि नव्या प्रवाशांचे स्वागत. घर तिथून आठ-नऊ किलोमीटर आणि मी दाराची पायरी ओलांडू शकत नव्हते. मराठीतून घोषणा केली, तेव्हा चौथ्या ओळीतल्या एका आजींनी मान वळवून विचारले, ‘‘आपल्यातलीच काय गं?’’ मी ‘हो’ म्हटले आणि पुढच्या ओळीचे पट्टे पाहायला गेले, कारण तिथे थांबले असते तर अवघड झाले असते. आप्पा कुंपणाबाहेरच्या रस्त्यावर मोटारसायकल लावून उभे होते, हे मला रात्री कळले. ‘‘नऊ मिनिटं लेट सुटलीस,’’ त्यांनी सांगितले. ते बरोबर होते. सामानाची गाडी उशिरा आली होती.

गौरी-गणपतीच्या रजेसाठी मी मे महिन्यातच अर्ज केला होता. सणाच्या तारखा सगळ्यांनाच हव्या असतात, म्हणून अर्जात एकच मागणी न करता तीन पर्याय लिहिले आणि बदल्यात दिवाळीला काम करण्याची तयारी दाखवली. गणपतीचा दिवस मिळाला नाही. ३१ ऑगस्ट ते २ सप्टेंबर हे गौरींचे तीन दिवस मिळाले. कर्मचारी तिकिटावर जागा उरली तरच विमानात बसता येते आणि सणाच्या दिवसांत एटीआरमध्ये जागा उरत नाही, हे ३० तारखेला विमानतळावर दोन तास थांबून शिकले. मग रात्रीची खासगी बस, १,४५० रुपये, साधारण बारा तास.

दोन तारखेला दुपारी गौरी-गणपतीचे विसर्जन झाले. मी रात्रीच्या बसने परत निघणार होते. आप्पांनी कालनिर्णयासमोर उभे राहून ३ आणि ४ सप्टेंबरच्या चौकोनांवर बोट ठेवले. चारला पहाटे चारपासून स्टँडबाय होता. ३ तारीख मोकळी होती.

‘‘आज रातच्या गाडीनं गेलीस तर उद्या दिवसभर डुलक्या काढशील, आणि मग रात्री झोप लागायची नाही. उद्या सकाळी सहाच्या एसटीनं सोलापूर धर. तिथनं हैदराबाद. सातपर्यंत घरी, आठला जेव, साडेआठला आडवी हो.’’

मी बसचे तिकीट रद्द केले. १,४५० पैकी ९२० रुपये परत आले. आईने उरलेल्या करंज्या डब्यात भरल्या. आप्पांनी पेन्सिलीने ३ तारखेच्या चौकोनात ‘प्रवास’ असे लिहिले आणि ४ तारखेच्या आधीची रात्र कंसात घातली.